टाकळीच्या बिया व रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

ठाणे व कल्याण भागातील आमच्या मंडळ्यांत काळा दगड ज्याच्या ओळखीचा नाही असा एकही वाचक नसेल. घरातील जाते व पाटा ह्याच दगडाचे. अंबरनाथचे शके ९८२ मधील देवालय ह्याच दगडाचे. मुंब्र्याचा डोंगर, मलंगगड आणि शहापूरकडील माहुली हेही त्याच दगडाचे. कल्याणहून कसाऱ्याच्या अथवा कर्जतच्या बाजूने जाताना डोंगराच्या अंगावर एकावर एक रचलेल्या पायऱ्या दिसतात. पृथ्वीच्या पोटातून वितळलेला खडक बाहेर आला, दूरवर पसरला व थिजला, म्हणजे एक थर झाला. काही काळाने पुन्हा तसेच घडले, म्हणजे दुसरा थर झाला. ह्याप्रमाणे ह्या पायऱ्या बनल्या. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे भाजलेल्या तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो मधल्या उसंतीचा होय.

हा दगड कोणत्या काळचा, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी मोठा वाटा उचलला त्यांपैकी एक आपल्याच मिशनचा उपदेशक होता, आणि त्याने ते उत्तर फळांच्या बियांवरून शोधले, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी थोड्यांस ठाऊक असेल. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजामुळे ह्या गृहस्थाचे नाव मात्र सर्वतोमुखी आहे.

स्टीफन हिस्लॉप ह्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंड देशातील डन्स नावाच्या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील धंद्याने गवंडी असून तेथील एका मंडळीचे वडील म्हणजे एल्डर होते. आमच्या खेड्यांतून ज्यांच्या घराण्यात पाथरवटाचा किंवा गवंड्याचा धंदा चालत आला आहे, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. किडे, फुले व खडे गोळा करण्याचा नाद ह्या मुलास लहानपणीच लागला होता. पुढे एडिंबरो व ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले, आणि ते पाळकपणाच्या सेवेची तयारी करीत असतानाच १८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली. पाळक नेमण्याचा हक्क जमीनदारांचा की मंडळीचा, असा तो वाद होता. साडेचारशेंहून अधिक पाळक आपली वेतने व घरे सोडून बाहेर पडले व त्यांनी फ्री चर्च स्थापिले. हिस्लॉप ह्यांनी त्यांचीच बाजू धरली.

ह्याच सुमारास मद्रासच्या फौजेतील विल्यम हिल नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ २,५०० पौंडांची देणगी देऊन नागपूर प्रांतात मिशन उघडावे अशी विनंती केली. त्या प्रांताच्या गोंड मुलखात थोड्या वर्षांपूर्वी काही जर्मन सेवक आले होते, परंतु त्यांपैकी बहुतेक रोगाने मरण पावले होते. हे ठाऊक असूनही हिस्लॉप तयार झाले. १८४४ मध्ये त्यांचा विवाह झाला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात पतिपत्नी मुंबईस उतरली, आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपूरला पोहोचली. त्या काळी आमच्या ठाण्या-कल्याणातूनही आगगाडी धावत नव्हती. ठाण्यापर्यंत ती १८५३ साली व कल्याणापर्यंत १८५४ साली आली. मुंबई ते नागपूर म्हणजे आठवड्यांचा प्रवास होता.

नागपुरात तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. १८४६ साली हिस्लॉप ह्यांनी तेथे शाळा उघडली. मराठी भाषा त्यांनी परिश्रमाने आत्मसात केली, आणि बाजारात, यात्रांत व खेड्यापाड्यांत ते सुवार्ता सांगत फिरू लागले. फळ लवकर दिसले नाही. एका विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा दरबाराने तो मुलगा परत मागितला, आणि इंग्रज रेसिडेंटाने तो देऊन टाकला. सरकार गोऱ्यांचे म्हणून मिशनऱ्याच्या पाठीशी असे, हा जो समज आजही ऐकू येतो, त्यास ही हकीकत जुळत नाही. १८४७ मध्ये रेव्हरंड रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी म्हणून आले, व दोघांनी मिळून आठ वर्षे काम केले. पुढे प्रकृती बिघडल्यामुळे हंटर ह्यांस १८५५ साली मायदेशी परतावे लागले.

ह्या दोन उपदेशकांस चालण्याची सवय होती, आणि चालताना पायाखाली पाहण्याचीही. नागपूर ज्या जागी वसले आहे तेथे आपल्याकडील काळा दगड पूर्वेकडे संपत येतो. त्याचे थर पातळ होतात व त्यांच्या खालचे निराळे खडक उघडे पडतात. म्हणून जे आपल्याकडे डोंगराच्या पोटात गाडले गेले आहे ते तेथे टेकडीच्या कडेला हाताशी येते. शहराबाहेर टाकळी नावाचे गाव होते, ते आता शहरातच मिसळून गेले आहे. तेथे दोन काळ्या थरांच्या मधोमध एक वेगळ्या जातीचा, घट्ट व गारगोटीसारखा पट्टा होता. १८५१ च्या सुमारास त्यांनी तो फोडून पाहण्यास आरंभ केला. आत गोड्या पाण्यातील शिंपले व शंख होते, माशांचे खवले होते, लहान किड्यांच्या पाठीची कवचे होती, आणि त्यांबरोबर दगड झालेली फळे व बिया मोठ्या संख्येने होत्या.

हे कसे घडले असावे ते आम्ही थोडक्यात सांगतो. वितळलेल्या खडकाचा एक पूर येऊन थिजल्यावर पुष्कळ वर्षे शांततेची गेली. त्याच्या पाठीवर खोलगट जागी पाणी साचून तळी झाली, काठी झाडे वाढली, आणि पिकलेली फळे गळून चिखलात रुतली. फळाचा गर कुजतो. परंतु आंब्याची कोय, बोराची आठळी, चिंचेचा चिंचोका ह्यांसारखा कठीण भाग लवकर कुजत नाही. त्या पाण्यात गारगोटीचे द्रव्य विरघळलेले असे. ते बीच्या बारीक बारीक छिद्रांत शिरून तेथेच घट्ट झाले. शेवटी वरून खडकाचा दुसरा पूर आला, व सारे झाकले गेले. बी नाहीशी झाली, तरी तिचा आकार दगडात जशाचा तसा राहिला. काही बियांच्या तर आतील कप्पे व सालीचे पदरही मोजता येतात.

ह्या थरांमधील शिंपले हिस्लॉप ह्यांच्या आधी डॉ. माल्कमसन नावाच्या एका लष्करी वैद्याने पाहिले होते. परंतु टाकळीची फळे ही नवी साक्ष होती, आणि ती अधिक बोलकी होती. पान वाऱ्याने फाटते, एकाच झाडावर लहानमोठे असते, आणि दोन निराळ्या झाडांची पाने पुष्कळदा सारखी दिसतात. फळाचे तसे नाही. त्यात कप्पे किती, प्रत्येक कप्प्यात बी कोठे चिकटलेली, फळ उकलते ते कोणत्या रेषेवर, ह्या खुणा त्या त्या कुळात सहसा बदलत नाहीत. शेतकरी मनुष्य मूठभर बियांत हात घालून तूर कोणती व वाल कोणता हे डोळे मिटून सांगतो, ते ह्याच खुणांवरून.

आता बीवरून काळ कसा कळावा? एक दृष्टांत देतो. शेत नांगरताना मडके सापडले आणि त्यात राणी व्हिक्टोरियाच्या छापाचा रुपया निघाला, तर ते मडके त्या राणीच्या आधी पुरलेले नाही हे लहान मूलही सांगेल. शेजारच्या गावी दुसऱ्या मडक्यात तसाच रुपया निघाला, तर दोन्ही मडकी जवळपासच्या काळची असे आपण म्हणू. खडकाच्या थरांत गाडलेले प्राणी व वनस्पती हे त्या थरांतील रुपये होत. इंग्लंडात थेम्स नदीच्या मुखाशी शेपी नावाचे बेट आहे. तेथील चिकणमातीत दगड झालेली फळे फार निघतात, आणि त्यांचे सचित्र वर्णन बॉवरबँक ह्या गृहस्थाने १८४० साली प्रसिद्ध केले होते. सुंदरबनात खाऱ्या पाण्याच्या काठी जो निपा नावाचा आखूड ताड वाढतो, त्याच्या जातीची फळे थंडीवाऱ्याच्या त्या बेटात रगड सापडतात. त्या काळी तो देश उष्ण होता. हिस्लॉप व हंटर ह्यांनी टाकळीची फळे शेपीच्या फळांशी ताडून पाहिली व त्यांस पुष्कळ साम्य आढळले. शेपीची माती ज्या युगाची त्यास भूगर्भशास्त्रात इओसीन म्हणतात. तेव्हा आपल्या काळ्या दगडामधील पट्टाही त्याच युगाच्या आरंभाचा असावा, असा त्यांनी निष्कर्ष काढला. नागपूर परिसराच्या खडकांविषयी त्या दोघांचा निबंध लंडनच्या भूगर्भ मंडळापुढे १८५४ साली वाचला गेला व पुढल्या वर्षी छापला गेला. १८६० साली हिस्लॉप ह्यांनी एकट्याच्या नावाने दुसरा निबंध दिला. त्यात मुख्यतः शिंपल्यांच्या आधाराने तोच विचार त्यांनी पुढे नेला.

त्यांचे शोध एवढ्यावरच थांबले नाहीत. कामठीजवळ सिलेवाडा येथे त्यांनी फार जुन्या वनस्पतींची पाने खडकातून काढली; त्याच भागात आज कोळशाच्या खाणी आहेत. नागपूरच्या दक्षिणेस मांगली गावी बेडकाच्या दूरच्या गोत्रातील एका प्राण्याची कवटी मिळाली, तिचे वर्णन प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ ओवेन ह्यांनी केले. एका हिरव्या खनिजास हिस्लॉप ह्यांचेच नाव देण्यात आले.

येथे आमचे उपदेशक बंधू जो प्रश्न नेहमी पुढे करतात तो घेणे भाग आहे. खेड्यातील शाळा शिकलेला मुलगा विचारतो, की पुस्तकात दगडाचे वय कोट्यवधी वर्षे लिहिले आहे, आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात तर सहा दिवस सांगितले आहेत. मग खरे कोणते? कित्येक बंधू अशा वेळी मुलास गप्प बसवितात. आमच्या मते हे बरे नव्हे. हिस्लॉप ज्या मंडळीचे होते तिचे पुढारी डॉ. चामर्स ह्यांनी फार पूर्वीच असे शिकविले होते, की पहिल्या वचनातील आरंभ व पुढील सहा दिवस ह्यांच्यामध्ये कितीही दीर्घ काळ मावू शकेल. त्याच मंडळीच्या वर्तमानपत्राचे संपादक ह्यू मिलर हे मूळचे पाथरवट. खाणीत काम करता करता ते भूगर्भशास्त्री झाले. ह्या लोकांची शास्त्रावरील श्रद्धा लेचीपेची नव्हती. त्यांनी विवेकबुद्धीकरिता वेतने व घरे सोडली होती. चामर्स ह्यांचा अर्थ आज सर्वांस मान्य आहे असे नाही, आणि आमचाही त्यावर आग्रह नाही. परंतु ज्या हिस्लॉपसाहेबांनी सकाळी बाजारात ख्रिस्त सांगितला त्यांनीच सायंकाळी टाकळीच्या बिया मोजल्या, आणि ह्या दोन कामांत वैर आहे असे मानून त्यांनी एकही सोडले नाही, एवढे त्या मुलास अवश्य सांगावे.

उलट बाजूने कोणी म्हणेल, की सुवार्तेसाठी पाठविलेल्या मनुष्याने खडे फोडीत बसावे काय? नागपूरची शाळा उभी राहिली, वाढली व टिकली, हे त्यास उत्तर पुरेसे आहे. शिवाय ज्या डोळ्यांनी हिस्लॉप दगड पाहत त्याच डोळ्यांनी माणसेही पाहत. गोंड लोकांचे शब्द, चालीरीती व त्यांच्या लिंगो देवाचे दीर्घ गीत त्यांनी ऐकून लिहून ठेवले. त्या काळी ते कोणी लिहिण्याजोगे मानीत नव्हते. शहापूर व मुरबाड तालुक्यांत वारली व कातकरी बांधवांमध्ये जे आमचे सेवक फिरतात त्यांनी ह्या गोष्टीचा विचार करावा. किती सेवकांच्या वहीत त्या लोकांची दहा गाणी तरी उतरली आहेत?

१८५३ साली रघूजी भोसले वारले, १८५४ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले, आणि १८६१ साली मध्यप्रांत नावाचा नवा प्रांत बनला. त्याचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल ह्यांस प्रांताची माहिती हवी असे, आणि ती हिस्लॉप ह्यांच्याइतकी दुसऱ्या कोणापाशी नव्हती. १८६३ च्या सप्टेंबरात टेंपल ह्यांचा मुक्काम नागपूरच्या दक्षिणेस बोरी येथे होता. जवळच टाकळघाट गावी मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. ती फार प्राचीन काळच्या लोकांची थडगी होत, आणि त्यांत लोखंडी वस्तू सापडतात. ४ सप्टेंबर रोजी ती पाहण्यास हिस्लॉप टेंपल ह्यांच्याबरोबर गेले. काम आटोपल्यावर इतर मंडळी बोरीस परतली. हिस्लॉप मात्र टाकळघाटच्या शाळेतील मुलांची परीक्षा घेण्यास मागे राहिले. परत निघाले तेव्हा अंधार पडला होता. वाटेत एक ओढा होता. सकाळी त्यात पाणी थोडे होते, परंतु मधल्या वेळात तो भरून आला होता. उल्हास, काळू व भातसा ह्यांच्या काठच्या आमच्या वाचकांस असे पाणी किती झटक्यात चढते हे सांगावयास नको. छावणीत घोडा एकटाच पोहोचला. लोक मशाली घेऊन धावले, तेव्हा प्रेत पाण्यात सापडले. सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास त्यांस चार दिवस उणे होते.

त्यांचे गोंडांविषयीचे कागद टेंपल ह्यांनी १८६६ साली छापून प्रसिद्ध केले. त्यांच्या शाळेतून १८८३ साली कॉलेज निघाले, तेच आजचे हिस्लॉप कॉलेज.

बियांचा खटला मात्र त्यांच्या मरणाने मिटला नाही. सरकारी भूगर्भखात्याच्या विद्वानांनी १८७९ च्या आपल्या ग्रंथात हा काळा दगड इओसीनच्या आधीचा, क्रिटेशस नावाच्या युगाचा ठरविला. १९३४ साली लखनौचे प्राध्यापक बिरबल साहनी ह्यांनी तो प्रश्न पुन्हा उघडला. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलाँ येथे त्याच पट्ट्यात दगड झालेली फळे विपुल निघाली, आणि त्यांत शेपीला निघतो तसा निपा ताडही होता. साहनी ह्यांनी ह्या फळांवरून हिस्लॉप ह्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे त्याच थरांच्या मध्ये अवाढव्य सरड्यांसारख्या डायनोसोर प्राण्यांचे अवशेष सापडले. आणि ते प्राणी तर इओसीनच्या पूर्वीच नष्ट झालेले. शेवटी खडकातील काही द्रव्ये ठराविक गतीने पालटतात ती मोजून वय काढण्याची रीत निघाली. त्या रीतीने आपल्या काळ्या दगडाचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे येते, म्हणजे क्रिटेशस युग संपून पुढचे सुरू होते त्या उंबरठ्यावर. शेपीची माती ह्याहून एक कोटी वर्षांपेक्षा अधिक अलीकडची आहे.

तर हिस्लॉप चुकले काय? काही अंशी चुकले, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. रुपयाच्या दृष्टांतात एक गोम आहे: रुपया एकदा पाडला म्हणजे पुष्कळ वर्षे बाजारात फिरतो. व्हिक्टोरिया मेल्यावरही तिचे रुपये चालत होते. निपा ताडासारखी कुळेही अशीच लांब आयुष्याची असतात, आणि आज सुंदरबनात तो ताड जिवंत आहे. म्हणून एका जातीच्या साम्यावर भिस्त ठेवता येत नाही. पुष्कळ जाती एकत्र, आणि त्यांबरोबर शिंपले, हाडे व पराग, असा साक्षीदारांचा मेळा लागतो. हिस्लॉप ह्यांच्यापाशी तेव्हा एवढे साक्षीदार नव्हते. मात्र जे होते ते त्यांनी मोडतोड न करता मांडले व नमुने इतरांस पाहण्यासाठी पाठविले, आणि त्यामुळेच पुढच्यांस ते तपासता आले. शिवाय त्यांनी वर्षे मोजली नव्हती. थरांचा आगामागा क्रम तेवढा लावला होता. त्यात एका घराचे अंतर पडले. साधने पाहता आम्हांस हे थोडे वाटत नाही.

आमच्या भागात कोणी हातोडी घेऊन निघेल, म्हणून एक सूचना. घाटात दिसणाऱ्या तांबड्या पट्ट्यांत फळे शोधू नयेत. ती भाजलेली माती आहे व तिच्यात सहसा काही टिकत नाही. तळ्यात साचलेला, पापुद्र्यांचा अथवा गारगोटीसारखा थर असावा लागतो. आपल्याला सर्वांत जवळचा तसा प्रसिद्ध थर मुंबईत वरळीच्या टेकडीत निघाला, आणि त्यात फळांपेक्षा लहानसे बेडूकच अधिक नाव कमावून गेले.

नागपूर व भंडारा भागातील अभ्यासक मात्र अजून त्या पट्ट्यातून फळे काढीत आहेत. २०१३ साली तेथील दगड झालेल्या काही बिया द्राक्षाच्या कुळातील म्हणून ओळखल्या गेल्या. द्राक्षकुळाच्या जगात आजवर ठाऊक असलेल्या अतिप्राचीन बियांत त्यांची गणना होते. त्यांस जे शास्त्रीय नाव दिले आहे ते नागपुरात ह्याच फळांचा अभ्यास केलेल्या डॉ. श्यामला चितळे ह्या विदुषीच्या आडनावावरून.